विश्लेषण : प्रशिक्षित ‘वर्किंग कॉकर स्पॅनियल’ कसा निवडतात? शिकारीच्या कुत्र्यात वेगापेक्षा थांबण्याला महत्त्व का?

इंग्लंडमध्ये फेझंट पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम १ ऑक्टोबरला सुरू होतो आणि १ फेब्रुवारीला संपतो. हंगाम संपला की पुढच्या वर्षासाठी प्रशिक्षित कुत्रा शोधणाऱ्यांची धावपळ सुरू होते. त्यात मोठी मागणी असते ती लांब कानांच्या, छोट्या चणीच्या, सतत शेपूट हलवणाऱ्या वर्किंग कॉकर स्पॅनियलला. पूर्ण शिकवलेल्या कॉकरसाठी काही हजार पौंड, म्हणजे आपल्या हिशेबात काही लाख रुपये मोजावे लागतात. एवढे पैसे देऊनही अनेकदा निवड चुकते. नव्या मालकाकडे दोन महिन्यांत कुत्रा शिट्टी ऐकेनासा होतो, पक्ष्यामागे धावत सुटतो आणि बंदुकीच्या टप्प्यात येतो. असे का होते? चांगला कुत्रा ओळखायचा कसा? आणि कागदपत्रांत काय तपासायचे?

वर्किंग कॉकर म्हणजे नेमका कोणता कुत्रा?

कॉकर हे नाव ‘वुडकॉक’ या पक्ष्यावरून आले. दाट झाडीत दबून बसणारा हा पक्षी उठवण्यासाठी छोटे स्पॅनियल वापरले जात. एकोणिसाव्या शतकात एकाच विणीतील पिल्लांपैकी २५ पौंडांपेक्षा, म्हणजे साधारण ११ किलोपेक्षा कमी वजनाच्या कुत्र्याला कॉकर म्हणत आणि मोठ्याला वेगळे नाव देत. ब्रिटनच्या केनेल क्लबने १८९०च्या दशकात कॉकरला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली.

पुढे या एकाच जातीच्या दोन शाखा झाल्या. एक प्रदर्शनासाठी वाढवलेली. कान खूप लांब आणि खालून निघालेले, अंगावर भरपूर केस, डोके घुमटाकार. दुसरी कामासाठी वाढवलेली. कान आखूड, केस कमी, डोके चपटे, शरीर सडपातळ आणि ऊर्जा अफाट. केनेल क्लबच्या नोंदणीत दोन्ही ‘कॉकर स्पॅनियल’च आहेत. त्यामुळे केवळ नोंदणीपत्र पाहून कुत्रा कामाचा आहे की नाही हे कळत नाही. मुंबई-पुण्यात घरोघरी दिसणारा कॉकर बहुतेक वेळा पहिल्या शाखेचा असतो.

शिकारीत त्याचे काम काय?

शिकारी कुत्रा म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर कारवानी येतो. माळरानावर नजरेने सावज हेरायचे, वाऱ्याच्या वेगाने पाठलाग करायचा आणि धरायचे, ही कारवानीची रीत. कॉकरचे काम याच्या जवळजवळ उलट आहे. तो नाकाने शोधतो, पाठलाग करत नाही आणि मारत तर नाहीच.

बंदूकधारी माणूस चालत असतो. कॉकर त्याच्या पुढे डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे नागमोडी पळत जमीन हुंगतो. आपल्याकडच्या करवंदाच्या जाळीसारखी काटेरी झुडपे तिकडे शेताच्या कडेला असतात. त्यांत तो बेधडक घुसतो. वास लागला की पक्ष्याला उठवतो. पक्षी उडाला की मात्र कुत्र्याने जागच्या जागी बसायचे. बार झाला तरी बसून राहायचे. पक्षी कुठे पडला ते लक्षात ठेवायचे आणि हुकूम मिळाल्यावरच जाऊन, दात न लावता, मालकाच्या हातात आणून द्यायचा.

शोधणे, उठवणे, थांबणे आणि आणणे अशी ही चार कामे. शोधणे आणि उठवणे बऱ्याचशा कॉकरच्या रक्तातच असते. आणण्याची आवडही असते, तिला वळण लावावे लागते. थांबणे मात्र पूर्णपणे शिकवावे लागते. प्रशिक्षित कुत्र्याची किंमत मुख्यतः याच गोष्टीची असते.

ही शिकार तिथे कायदेशीर आहे का?

होय. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. ब्रिटनमध्ये मात्र ठरावीक पक्ष्यांची ठरावीक काळात शिकार करता येते. ग्राउजचा हंगाम १२ ऑगस्ट ते १० डिसेंबर, तर इंग्लंडमध्ये पार्ट्रिजचा १ सप्टेंबर ते १ फेब्रुवारी असा असतो. छऱ्याच्या बंदुकीसाठी पोलिसांकडून पाच वर्षांचा परवाना घ्यावा लागतो आणि जमीनमालकाची परवानगी लागते. इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांकरवी वन्य सस्तन प्राण्यांची शिकार करण्यावर २००४च्या कायद्याने, काही अपवाद वगळता, बंदी आली. पक्षी उठवणे त्या बंदीत येत नाही.

हा विषय वादाचा आहे. शिकारीसाठी दरवर्षी कोट्यवधी फेझंट वाढवून रानात सोडले जातात. त्याला ‘लीग अगेन्स्ट क्रूएल स्पोर्ट्स’सारख्या संघटनांचा विरोध आहे. समर्थक ग्रामीण रोजगार आणि राखलेल्या रानाचा दाखला देतात. एका मुद्द्यावर मात्र फारसे दुमत होण्याचे कारण नाही. पक्षी जखमी होऊन झाडीत पडला आणि सापडला नाही, तर तो तडफडत राहतो. तो लवकर शोधून आणणारा कुत्रा जवळ असणे ही बंदूक चालवणाऱ्याची किमान जबाबदारी ठरते.

पिल्लू घेऊन स्वतःच का शिकवत नाहीत?

अनेक जण तेच करतात. पण पिल्लाचे औपचारिक शिक्षण साधारण सहा-आठ महिन्यांच्या वयात सुरू होते आणि दीड वर्षाच्या आसपास ते पहिल्या हंगामासाठी तयार होते. एवढा काळ जवळपास रोज वेळ द्यावा लागतो. पहिल्यांदाच कॉकर पाळणाऱ्याच्या हातून नेमकी थांबण्याची शिस्त कच्ची राहते, कारण त्याला कुत्र्याचा उत्साह पाहून आनंद होत असतो.

दीड ते तीन वर्षांचा तयार कुत्रा घेतला तर स्वभाव, शरीराची ठेवण आणि काम हे सारे समोर दिसते. काही आनुवंशिक आजार लहानपणीच उघड होतात. त्यामुळे त्यांचा धोकाही बराच कमी झालेला असतो. तोटा एकच. हा कुत्रा दुसऱ्याच्या हाताखाली, दुसऱ्याच्या आवाजावर आणि दुसऱ्याच्या सवयींवर घडलेला असतो.

‘प्रशिक्षित’ या शब्दाचा अर्थ काय?

त्याची कायद्यात व्याख्या नाही, त्यामुळे प्रत्येक विक्रेता तो आपापल्या परीने वापरतो. ‘अर्धप्रशिक्षित’ म्हणजे कुणाच्या लेखी बस-उठ कळणारे पिल्लू, तर कुणाच्या लेखी फक्त पाण्यातले काम बाकी असलेला कुत्रा. म्हणून शब्दांऐवजी कामांची यादी समोर ठेवून विचारणे चांगले.

शिट्टीवर थांबतो का? परत येतो का? वळतो का? पक्षी उडाल्यावर बसतो का? बार झाल्यावर बसून राहतो का? न पाहिलेला पक्षी हाताच्या इशाऱ्यावर शोधतो का? कुंपण ओलांडतो का? पाण्यात उतरतो का? गार झालेला आणि नुकताच पडलेला, असे दोन्ही पक्षी आणतो का? त्याच्यासमोर प्रत्यक्ष किती दिवस शिकार झाली आहे?

शेवटचा प्रश्न सर्वात मोलाचा. कॅनव्हासच्या डमीवर निर्दोष काम करणारा कुत्रा जिवंत, फडफडणाऱ्या फेझंटसमोर सगळे विसरू शकतो.

थांबण्याला एवढे महत्त्व का?

पहिले कारण सुरक्षेचे. छऱ्याच्या बंदुकीचा उपयुक्त पल्ला साधारण ३५ ते ४० यार्डांचा असतो आणि छरे पसरत जातात. फेझंट अनेकदा जमिनीलगत उडतो. त्याच्यामागे कुत्रा उडी मारत असेल आणि नेमका त्याच वेळी बार झाला, तर छरे कुत्र्याला लागू शकतात. बसलेला कुत्रा या रेषेच्या खाली असतो. पाठलाग करत रस्त्यावर किंवा काटेरी तारेत घुसणाऱ्या कुत्र्याचा धोका वेगळाच.

दुसरे कारण कामाचे. धावत सुटलेला कुत्रा पुढच्या झाडीतील सगळे पक्षी पल्ल्याच्या बाहेर उठवतो आणि इतर बंदूकधाऱ्यांचाही दिवस वाया जातो. हुकमाविना पक्ष्यामागे धावणे हा ब्रिटनमधील ‘फील्ड ट्रायल’ स्पर्धांत थेट बाद होण्याचा दोष मानतात. याच यादीत कुईकुई करणे किंवा भुंकणे, पक्षी चावणे, ताब्यात नसणे आणि पाण्यात उतरायला नकार देणे हेही दोष आहेत.

प्रत्येक घरासाठी एकच कुत्रा योग्य असतो का?

नाही, आणि बऱ्याच चुका इथेच होतात. शिकारीच्या तीन प्रकारांत कुत्र्याकडून तीन वेगळ्या अपेक्षा असतात.

पहिला प्रकार ‘रफ शूटिंग’. एक-दोन माणसे आणि कुत्रा शेताच्या कडेने फिरतात. इथे कुत्रा सर्व कामांत पक्का हवा आणि बंदुकीपासून २०-२५ यार्डांच्या आत राहणारा हवा.

दुसरा प्रकार हाक्याचा. हाकारे रांगेने झाडी झोडपत पक्षी पुढे उडवतात आणि बंदूकधारी समोर उभे असतात. हाकाऱ्यांसोबतच्या कुत्र्यात झुडपात घुसण्याची हिंमत आणि गडबड-गोंगाटातही शिट्टी ऐकण्याची सवय लागते. पक्षी आणण्याचे काम तिथे दुय्यम.

तिसरा प्रकार पक्षी गोळा करण्याचा. बंदूकधाऱ्यांच्या मागे बऱ्याच अंतरावर उभे राहून पडलेले आणि जखमी पक्षी शोधायचे. इथे नाक, चिकाटी आणि मऊ तोंड महत्त्वाचे.

याखेरीज काही जण बंदूकधाऱ्याच्या पायाशी तासन् तास शांत बसणारा कुत्रा शोधतात. हे काम लॅब्रॅडॉरला सहज जमते. उतावीळ कॉकरला तिथे बांधून बसवले तर तो कुईकुई करू लागतो आणि ही सवय एकदा लागली की सहसा सुटत नाही. आपली गरज यांपैकी कोणती, हे खरेदीदाराने कुत्रा पाहायला जाण्याआधीच ठरवायला हवे.

प्रात्यक्षिकात काय पाहायचे?

विक्रेत्याच्या शेतावर कुत्रा बहुतेक वेळा उत्तमच काम करतो, कारण तिथला प्रत्येक बांध त्याच्या ओळखीचा असतो. म्हणून जाणकार दोनदा पाहतात आणि त्यातले एकदा कुत्र्याला अनोळखी असलेल्या जागी. शक्य असेल तर हंगाम संपण्याआधी, जानेवारीत, प्रत्यक्ष पक्ष्यांवर काम पाहतात आणि फेब्रुवारीत कुत्रा घरी आणतात. म्हणजे खरे काम पाहायला मिळते आणि ऑक्टोबरपर्यंत ओळख होण्यासाठी आठ महिने हाताशी राहतात.

पहिली नजर वाऱ्यावर. वारा समोरून येत असेल तर कुत्र्याने आडवे पट्टे मारत पुढे सरकायला हवे. वारा पाठीमागून असेल तर चांगला कुत्रा थोडा पुढे जाऊन वास घेत मालकाकडे परत येतो. दोन्ही दिशांना सारखाच पळणारा कुत्रा नाक न वापरता नुसता पळत असण्याची शक्यता असते.

मग तोंड. कुत्र्याने आणलेल्या पक्ष्याच्या दोन्ही बाजूंच्या बरगड्या बोटांनी चाचपतात. दोन्हीकडून चेपलेल्या असतील तर कुत्रा चावत असल्याचा संशय येतो. मात्र छऱ्यांनी किंवा उंचावरून आपटूनही बरगड्या मोडतात. म्हणून एका पक्ष्यावरून निकाल न देता तीन-चार पक्षी पाहतात.

त्यानंतर संयम. दुसऱ्या कुत्र्याला पक्षी आणायला पाठवले असता हा शांत बसतो का? बंदुकीच्या आवाजाने दचकून मालकाच्या मागे लपतो का? बाराला घाबरणारा कुत्रा कितीही गोड असला तरी या कामाचा नाही. विकणाऱ्याला पाच मिनिटांत दहा वेळा शिट्टी वाजवावी लागत असेल, तर तेही बोलके असते.

शेवटी सर्वात महत्त्वाची कसोटी. शिट्टी खरेदीदाराने आपल्या हातात घ्यायची. पहिल्याच दिवशी कुत्रा अनोळखी माणसाचे सगळे ऐकणार नाही, पण निदान थांबेल आणि वळून पाहील. कुत्रा फक्त जुन्या मालकाच्या चेहऱ्याकडेच पाहत असेल, तर ओळख जमवायला बराच वेळ लागणार हे धरून चालावे.

वंशावळीतील लाल अक्षरे किती महत्त्वाची?

ब्रिटनमध्ये वंशावळीच्या कागदावर फील्ड ट्रायल विजेत्यांची नावे लाल शाईत छापण्याची प्रथा आहे. ‘एफटीसीएच’ म्हणजे फील्ड ट्रायल चॅम्पियन, तर ‘एफटीडब्ल्यू’ म्हणजे फील्ड ट्रायल विजेता. जितके लाल जास्त तितकी मागणी जास्त.

पण ही बिरुदे पूर्वजांची असतात. विजेते कुत्रे वेगवान, तीव्र आणि अनुभवी माणसाच्या हाताखालचे असतात. तीच तीव्रता आठवड्यातून एकदा रानात जाणाऱ्या नवशिक्याला झेपत नाही. वंशावळीत दर दोन पिढ्यांनी काम केलेले, स्वभावाने शांत कुत्रे असतील, तर सामान्य शिकाऱ्यासाठी ते अधिक सोयीचे. केनेल क्लबचे ‘वर्किंग गनडॉग सर्टिफिकेट’ ही स्पर्धेऐवजी रोजच्या कामाची क्षमता तपासणारी परीक्षा आहे. ते खुद्द त्या कुत्र्याच्या नावावर असेल तर उत्तम.

‘विकता कशासाठी?’ हा प्रश्न जरूर विचारावा. स्पर्धेत उतरणारे प्रशिक्षक जरा कमी देखण्या शैलीचा किंवा क्वचित कुईकुई करणारा कुत्रा विकून टाकतात. असा कुत्रा रफ शूटिंगला अगदी योग्य असू शकतो. मात्र पक्षी चावतो किंवा ताब्यातून सुटतो म्हणून विकला जात असेल, तर ते दोष जाण्याची शक्यता कमी.

आरोग्याच्या कोणत्या चाचण्या पाहायच्या?

कॉकरमध्ये प्रामुख्याने तीन आनुवंशिक आजारांची डीएनए चाचणी होते. ‘पीआरसीडी-पीआरए’मध्ये डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी होऊन अंधत्व येते. ‘एफएन’मध्ये साधारण दोन वर्षांच्या आत मूत्रपिंडे निकामी होतात. ‘एएमएस’मध्ये पंजांना वेदना जाणवत नाहीत आणि कुत्रा स्वतःचेच पंजे चावून जखमी करतो. हा आजार बहुधा पहिल्या वर्षातच दिसतो.

म्हणजे दोन-अडीच वर्षांच्या धडधाकट कुत्र्यात शेवटच्या दोन आजारांची भीती फार उरत नाही. डोळ्यांचा आजार मात्र पुढे उद्भवतो. त्यामुळे त्याचा अहवाल प्रौढ कुत्र्यासाठीही पाहायलाच हवा.

अहवालात तीनपैकी एक शब्द असतो. ‘क्लिअर’ म्हणजे दोषमुक्त, ‘कॅरिअर’ म्हणजे वाहक आणि ‘अफेक्टेड’ म्हणजे बाधित. वाहक कुत्र्याला स्वतःला आजार होत नाही. त्याची दुसऱ्या वाहकाशी किंवा बाधित कुत्र्याशी वीण लावली तरच पिल्लांना धोका असतो. केवळ कामासाठी घेणाऱ्याने वाहक कुत्रा नाकारण्याचे कारण नाही.

खुब्याच्या सांध्यांचे एक्स-रे वयाच्या एक वर्षानंतर काढून गुण दिले जातात. प्रत्येक बाजूला ० ते ५३, म्हणजे एकूण ० ते १०६. गुण जितके कमी तितका सांधा चांगला. याशिवाय स्वतंत्र पशुवैद्याकडून डोळे, कान, दात, हृदय आणि पंजे तपासून घ्यावेत, तेही विकणाऱ्याच्या नेहमीच्या डॉक्टरकडून नव्हे.

मादी घेणाऱ्याने एक हिशेब धरावा. माजावर आली की सुमारे तीन आठवडे तिला शिकारीला नेता येत नाही. शस्त्रक्रिया केली तर स्पॅनियलचे केस लोकरीसारखे दाट होऊ शकतात आणि काटेरी झुडपात ते गुंततात.

कायदा खरेदीदाराला काय संरक्षण देतो?

इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०१६ पासून प्रत्येक कुत्र्याला मायक्रोचिप सक्तीची आहे. चिपवरील नोंद विकणाऱ्याच्या नावाशी जुळते का, हे पहिल्या भेटीतच पाहावे. काम शिकलेल्या स्पॅनियलला चोरबाजारातही किंमत येते. कुत्रा किंवा मांजर पळवण्याला स्वतंत्र गुन्हा ठरवणारा कायदा २०२४ मध्ये आला असून त्यात पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

शेपूट कापलेली दिसली तर प्रमाणपत्र मागावे. इंग्लंडमध्ये २००६च्या प्राणी कल्याण कायद्याने शेपूट कापण्यावर बंदी आहे. कामाच्या कुत्र्यांना सवलत आहे, पण ते काम पशुवैद्यानेच, पिल्लू पाच दिवसांचे होण्याआधी करावे लागते. स्कॉटलंडमध्ये २०१७ पासून स्पॅनियलच्या शेपटीचा फक्त टोकाकडील एक तृतीयांश भाग कापता येतो. झुडपात सतत हलणारी शेपटी सोलवटून निघते, हे या सवलतीमागचे कारण.

‘लुसीज लॉ’ या नावाने ओळखला जाणारा नियम ६ एप्रिल २०२० पासून इंग्लंडमध्ये लागू आहे. त्यानुसार सहा महिन्यांखालील पिल्लू दलालामार्फत विकता येत नाही. पण प्रशिक्षित कुत्रा त्याहून मोठा असल्याने ही ढाल त्याला लागू होत नाही. तिथे २०१५चा ग्राहक हक्क कायदा उपयोगी पडतो. या कायद्याच्या दृष्टीने कुत्रा ही ‘वस्तू’ आहे. व्यावसायिक विक्रेत्याकडून घेतलेला कुत्रा सांगितल्याप्रमाणे आणि सांगितलेल्या कामाला योग्य नसेल, तर ३० दिवसांच्या आत परत करता येतो. हौशी, खासगी विक्रेत्याकडून घेतल्यास संरक्षण बरेच कमी मिळते. कुत्रा वर्णनानुसार नव्हता एवढेच मांडता येते. म्हणून वर्णन लेखी हवे. ‘पक्षी उडाल्यावर बसतो, बाराला स्थिर, तोंड मऊ, पाण्यात उतरतो’ अशा साध्या वाक्यांत, सही आणि तारखेसह.

विजेचा झटका देणारा पट्टा वापरून शिकवले आहे का, हेही विचारावे. वेल्समध्ये २०१० पासून अशा पट्ट्यावर बंदी आहे. पट्ट्याच्या धाकाने थांबणारा कुत्रा पट्टा निघाल्यावर थांबेलच याची खात्री नसते.

घरी आणल्यावर कुत्रा ‘बिघडतो’ कसा?

पहिले काही दिवस कुत्रा बावरलेला असतो, त्यामुळे आज्ञाधारक वाटतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तो सरावतो आणि नव्या माणसाची परीक्षा घेऊ लागतो. शिट्टी वाजली, कुत्रा दोन पावले पुढे जाऊन थांबला आणि मालकाने ‘चालायचेच’ म्हणून सोडून दिले, की पुढच्या वेळी दोनाची दहा पावले होतात. हंगाम उजाडेपर्यंत तो थांबतच नाही. दोष मग विकणाऱ्याला दिला जातो. कुत्रा पुन्हा विकला जातो आणि प्रत्येक नव्या घरात त्याच्यावरील विश्वास आणि त्याची किंमत कमी होत जाते.

हे टाळायचे तर हुकमांची भाषा जशीच्या तशी घ्यावी लागते. स्पॅनियलला बसवताना ‘सिट’ऐवजी ‘हप’ म्हणण्याची जुनी पद्धत आहे. थांबण्यासाठी एक लांब शिट्टी, परत येण्यासाठी अनेक छोट्या, वळण्यासाठी दोन छोट्या असे साधारण संकेत असतात, पण प्रत्येक प्रशिक्षकाचे थोडे वेगळे. शिट्टीलाही क्रमांक असतो. स्पॅनियलसाठी बहुतेक जण २१०.५, तर लॅब्रॅडॉरसाठी २११.५ क्रमांकाची वापरतात. दोन्हींचा स्वर वेगळा, त्यामुळे चुकीची शिट्टी घेतली तर कुत्र्याला हुकूम ओळखीचा वाटत नाही.

म्हणून खरेदीच्या वेळी जुन्या प्रशिक्षकासोबत किमान एक-दोन धडे ठरवून घेतात. पहिले काही आठवडे घरातील एकाच व्यक्तीने हुकूम द्यायचे, मुलांनी चेंडू फेकायचा नाही आणि कुत्रा आपणहून फिरायला सोडायचा नाही. रोज १०-१५ मिनिटे फक्त सोपे धडे. पहिल्या शिकारीच्या दिवशी मालकाने बंदूक घरी ठेवून केवळ कुत्र्याकडे लक्ष दिले, तर पुढचा हंगाम सोपा जातो.

पाहायला जाताना हे विसरू नका

- चिप क्रमांक, नोंदणीपत्र आणि विकणाऱ्याचे नाव जुळते का?
- शेपूट कापली असल्यास पशुवैद्याचे प्रमाणपत्र आहे का?
- डीएनए आणि खुब्याचे अहवाल मूळ प्रतीत पाहिले का?
- दोन वेगळ्या जागी, त्यातही एकदा जिवंत पक्ष्यांवर काम पाहिले का?
- स्वतः शिट्टी वाजवून पाहिली का?
- विकण्याचे कारण आणि आधी किती घरे झाली, हे विचारले का?
- वर्णन आणि परत घेण्याची अट लेखी घेतली का?

भारतातील वाचकांना याचा उपयोग काय?

आपल्याकडे या कुत्र्याला शिकारीचे काम नाही आणि कायद्याने असूही शकत नाही. पण त्याचे नाक इतरत्रही उपयोगी पडते. ब्रिटनमध्ये पोलीस आणि सीमा यंत्रणा कॉकरकडून स्फोटके, अमली पदार्थ आणि रोख रक्कम शोधून घेतात. आपल्याकडे सीआयएसएफच्या श्वानपथकांतही कॉकर दिसतो. छोटी चण असल्याने तो आसनांखाली आणि सामानाच्या फटींत सहज शिरतो आणि गर्दीतल्या लोकांना त्याची भीती वाटत नाही.

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेली मराठी कुटुंबे असोत किंवा पुण्यात पिल्लू शोधणारे तरुण जोडपे, दोघांसाठीही एक गोष्ट सारखीच आहे. कामासाठी वाढवलेल्या कॉकरला काम लागते. वास शोधण्याचे खेळ, लपवलेली वस्तू आणणे, रोजचे धडे यांपैकी काहीच मिळाले नाही, तर तो सोफा फाडून किंवा दिवसभर भुंकून स्वतःचे काम शोधतो. त्यामुळे पिल्लाचे आई-वडील प्रदर्शनाच्या शाखेचे आहेत की कामाच्या, हा प्रश्न रंग आणि किमतीच्या आधी विचारायला हवा. आणि कॉकर कोणत्याही शाखेचा असो, पहिला धडा शिट्टीवर थांबण्याचाच असावा. रस्त्याकडे धावणाऱ्या कुत्र्याला रोखण्यासाठीही तोच धडा कामी येतो.